तांब्यावर उरलेला रंगमहाल

प्रस्तावना

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. बारीक दातांच्या अर्धगोल पात्याचे हत्यार त्यावर डोलवत न्यायचे. उभे, आडवे, तिरपे, पुन्हा उभे, असे दिवसचे दिवस, सगळा पत्रा बारीक खड्ड्यांनी आणि त्या खड्ड्यांच्या काठावर उठलेल्या कुसांनी भरून जाईपर्यंत. या अवस्थेत पत्र्याला शाई चोपडून छाप घेतला तर कागदावर मखमलीसारखा दाट काळा रंग उमटतो, दुसरे काहीही नाही. त्यानंतर कारागीर चित्र काढायला बसतो, म्हणजे खरवडायला बसतो. जिथे मंद उजेड हवा तिथल्या कुसा हलक्या हाताने तासायच्या, जिथे लख्ख उजेड हवा तिथे पत्रा घोटून पुन्हा आरशासारखा करायचा. कागदावर पेन्सिल चालवणारा माणूस उजेडापासून सुरुवात करतो आणि सावल्या भरत जातो. इथे सगळा अंधार आधी तयार असतो आणि त्यातून वस्तू एकेक करून बाहेर काढाव्या लागतात. या पद्धतीला मेझोटिंट म्हणतात.

याच पद्धतीने चार्ल्स टर्नर या इंग्रज कारागिराने पुण्याच्या शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल तांब्यावर उतरवला. छाप लंडनमध्ये १८०७ साली निघाले. हे पुस्तक त्या एका छापचित्राबद्दल आहे.

एका चित्रावर एवढी पाने कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे सगळ्यात सरळ उत्तर शनिवारवाड्यातच मिळते. दिल्ली दरवाजातून आत जावे. तटबंदी आहे, बुरूज आहेत, दरवाजे आहेत, वर नगारखाना आहे. आत हिरवळ, दगडी जोती, कारंज्यांचे हौद आणि इथे अमुक होते, तिथे तमुक होते असे सांगणाऱ्या पाट्या. आरसे महाल, हस्तिदंती महाल, रंगमहाल यांपैकी काहीही नाही. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली असे सांगतात. दगड राहिला, सागवान गेले. पेशव्यांच्या वाड्यात जे पाहण्यासारखे होते ते जवळजवळ सगळे सागवानात होते. म्हणून रंगमहालाच्या आत उभे राहायचे असेल तर वाट या कागदातून जाते. इतर नोंदी आहेत, बखरींतले उल्लेख आहेत, खर्चाचे कागद आहेत. पण भरलेला महाल एका नजरेत समोर उभा करणारे याच्या तोडीचे दुसरे चित्र माझ्या माहितीत नाही.

चित्राचा इंग्रजी मथळा लांबलचक आहे. त्याचा आशय असा की, १७९० चा मंजूर होऊन आलेला तह सर चार्ल्स वॉर मॅलेट यांनी पुणे मुक्कामी भरदरबारात श्रीमंत सवाई माधवराव नारायण पेशवे यांच्या हाती दिला, त्या प्रसंगाचे हे दर्शन. टिपूविरुद्ध इंग्रज आणि मराठे यांच्यात १ जून १७९० रोजी पुण्यात करार झाला. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसची मंजुरी आल्यावर त्याच पावसाळ्यात तो दरबारात रीतसर सादर झाला. मॅलेट हा १७८६ पासून पुण्यात कंपनीचा वकील होता. या कामगिरीबद्दल त्याला पुढच्याच वर्षी ‘बॅरोनेट’ हा किताब मिळाला. आपल्या आयुष्यातला हा मोठा दिवस रंगवून घ्यावा असे त्याला वाटले, आणि चित्राचा जन्म त्या इच्छेतून झाला.

तेव्हा हे चित्र तहाचे आहे. निदान काढून घेणाऱ्याच्या मनात तसेच होते. मीही प्रथम पाहिले तेव्हा माणसेच मोजत बसले. गादीवर सोळा वर्षांचा पेशवा कोणता, नाना फडणवीस कुठे, इंग्रज किती, पगड्या कोणत्या घाटाच्या. इतिहासाची सवय असलेला डोळा चित्रात आधी नावे शोधतो. पुष्कळ वर्षांनी एका दुपारी भिंग हातात धरून मी माणसांच्या डोक्यांवरचा भाग पाहायला लागले, तेव्हा कळले की चित्राचा केवढा मोठा भाग माणसांचा नाहीच. तो खांबांचा आहे, महिरपींचा आहे, तक्तपोशीचा आहे, आणि सगळ्यात जास्त खांबांमागच्या सावलीचा आहे. मराठीत ‘खोली’ या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. या चित्रात ते दोन्ही अर्थ एका जागी येतात. मॅलेटचा तह दोन वर्षांत, टिपूशी श्रीरंगपट्टणला समेट झाल्यावर, कामापुरता संपला. खोली मात्र या कागदावर आजही शाबूत आहे. या पुस्तकात मी तहाबद्दल थोडे आणि खोलीबद्दल पुष्कळ लिहिले आहे, ते याच कारणाने.

आता खोलीकडे येऊ. शनिवारवाड्याची पायाभरणी थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला केली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. त्या पहिल्या वाड्यात हा महाल नव्हता. तो नानासाहेबांच्या कारकिर्दीतला. भाद्रपदातला गणेशोत्सव इथे होई, कीर्तने आणि नाचगाणी होत, आणि मोठा दरबारही इथेच भरे. देव, दरबार आणि रंग या तिन्हींसाठी एकच जागा हे आज वेगळे वाटेल, पण वाड्यांच्या जगात ते स्वाभाविक होते. जागा बिछायतीने ठरे. लोड, तक्के, गादी मांडली की दरबार, ती उचलून समया लावल्या की उत्सव. म्हणूनच चित्रात सामान जवळजवळ नाही. युरोपातल्या त्या काळच्या महालांची छापचित्रे पाहिली तर खुर्च्या, मेजे, आरसे, घड्याळे, पुतळे यांची दाटी दिसते. तिथली श्रीमंती हलवता येणाऱ्या वस्तूंत आहे, इथली इमारतीच्या लाकडात. जमीन मोकळी आणि माणसांसाठी राखलेली, नक्षी सगळी डोक्याच्या उंचीवर आणि तिच्या वर. बसलेल्या माणसाची नजर जिथे सहज जाईल तिथे सुताराने आपले काम ठेवले आहे.

खांब सुरूचे आहेत. सुरूच्या झाडासारखे, म्हणजे खाली किंचित फुगलेले आणि वर निमुळते होत गेलेले, तळाशी पाकळ्यांचा घेर असलेले. हा घाट शाहजहानच्या काळातल्या उत्तरेकडच्या इमारतींतून दख्खनमध्ये आला. तिथे तो दगडात होता, पुण्याच्या सुतारांनी तो सागात आणला आणि आपलासा केला. दोन खांबांच्या मध्ये पाकळीदार महिरप. महिरपीच्या कोपऱ्यात केळफूल. केळीच्या घडाच्या टोकाला लोंबणारे जांभळे, टोकदार फूल कोकणातल्या माणसाच्या रोजच्या नजरेतले असते, आणि पेशवे मूळचे श्रीवर्धनचे. केळफूल त्यांच्यामुळेच आले असे मी म्हणणार नाही, पण परसातली वस्तू दरबारात टांगलेली पाहून मला दर वेळी आनंद होतो. वर लाकडी तक्तपोशी. भिंतींवर रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची रंगीत चित्रे असत. हे काम करणाऱ्यांपैकी काहींची नावे टिकली आहेत. देवजी आणि कोंडाजी हे सुतार, मोरारजी पाथरवट, जडावाचे काम करणारा भोजराज, चितारी राघो. मॅलेटचे नाव छापचित्राच्या मथळ्यात आहे. ही नावेही त्याच कागदावर असायला हवी होती असे मला मनापासून वाटते. निदान या प्रस्तावनेत ती असू देत.

मेझोटिंट या खोलीला फार मानवते, आणि त्याचे कारण वाड्याच्या उजेडात आहे. वाड्यातल्या दिवाणखान्याला उजेड एका अंगाने मिळतो, चौकाकडून. तिथल्या खांबांवर तो सरळ पडतो, पुढच्या रांगेवर तिरपा, आणि मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचा नुसता भास उरलेला असतो. तेल पिऊन काळवंडलेले सागवान हा उजेड परत फेकत नाही, मुरवून घेते. रेघांनी कोरलेल्या छापचित्रात अशा जागी आडव्यातिडव्या रेषांचे जाळे विणावे लागते, आणि डोळा जाळ्यात अडकतो. मेझोटिंटमध्ये रेघ नसतेच. खांबाची कड सावलीत कुठे संपते ते नेमके सांगता येत नाही, प्रत्यक्ष दिवाणखान्यातही ते सांगता येत नसे. टर्नरने हा महाल पाहिला नव्हता. तो जन्मला १७७४ साली, सवाई माधवरावांच्याच वर्षी, पण ऑक्सफर्डजवळच्या वुडस्टॉक भागात. हिंदुस्थानाशी त्याचा संबंध समोर ठेवलेल्या रंगीत चित्रापुरता. तरीही पुढच्या उजळ भागाकडून मागच्या अंधाराकडे जाणारी पायरी त्याने इतकी अचूक पकडली आहे की चित्र पाहताना डोळे अंधाराला सरावायला दोन क्षण लागतात. छाप निघाले त्याच वर्षी तो प्रसिद्ध निसर्गचित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांच्या ‘लिबेर स्टुडिओरम’ या छापमालेवरही काम करू लागला होता. आडनाव एक असले तरी दोघांचे नाते नव्हते. ढग आणि धुके तांब्यातून काढण्याची ज्याला सवय लागत होती, त्याच हाताने आपल्या पूर्वजांच्या बैठकीतली सावली काढली.

पण टर्नर हा साखळीतला शेवटचा माणूस. पहिला होता जेम्स वेल्स. स्कॉटलंडच्या पीटरहेडचा हा चित्रकार १७९१ साली मुंबईला उतरला आणि पुढच्या वर्षी मॅलेटच्या आधाराने पुण्याला आला. म्हणजे दरबार झाला तेव्हा तो हिंदुस्थानात नव्हता. प्रसंग त्याने पाहिला नाही, पण माणसे आणि महाल दोन्ही पाहिले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून त्याने रंगवले. त्या दोघांचे १७९२ चे एकत्र चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंद्यांचे चित्रही त्याने काढले. दरबाराच्या मोठ्या चित्राची जुळवाजुळव त्याने सुरू केली होती, कच्ची रेखाटने करून ठेवली होती.

मग १७९५ चे वर्ष आले. ऑक्टोबरच्या अखेरीस, दसऱ्याच्या सुमारास, सवाई माधवराव याच गणपती महालाच्या माडीवरून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी गेले. एकवीस वर्षांचे होते. तोल गेला की त्यांनी उडी घेतली यावर महाराष्ट्रात दोनशे वर्षे बोलले गेले आहे, त्यात मी भर घालत नाही. त्यानंतर महिनाही उलटला नसेल, नोव्हेंबरमध्ये ठाण्याच्या बाजूला वेल्सही वारला. ज्याचे चित्र काढायचे तो आणि जो काढणार होता तो, दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले आणि रेखाटने मॅलेटकडे राहिली. मॅलेट १७९८ मध्ये विलायतेला परतला. पुढच्या वर्षी त्याने वेल्सच्या मुलीशी, सुझॅनाशी, लग्न केले. सासऱ्याचे अपुरे काम पुरे करणे हे आता घरचे कर्तव्य झाले.

ते त्याने टॉमस डॅनिएलकडे सोपवले. हा डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ ते १७९३ हिंदुस्थानात होते. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या १४४ छापचित्रांच्या मालेने इंग्लंडला हिंदुस्थानच्या इमारती दाखवल्या. दरबार भरला त्या साली हे काका-पुतणे उत्तर हिंदुस्थानात फिरत होते. १७९३ मध्ये ते मुंबईला आले तेव्हा वेल्सची आणि त्यांची गाठ पडली, आणि त्याच्या संगतीने त्यांनी इकडची लेणी पाहिली. वेल्सच्या मृत्यूनंतर त्याची वेरूळची रेखाटने डॅनिएलने १८०३ साली चोवीस छापचित्रांच्या रूपाने प्रसिद्ध केली. मग दरबाराचे तैलचित्र, ते १८०५ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले. आज ते लंडनच्याच टेट संग्रहालयाकडे आहे. त्यावरून टर्नरचे तांबे.

अशा चित्रावर विश्वास ठेवायचा तरी किती? प्रसंग १७९० चा, रेखाटने त्यानंतर दोन वर्षांनी पुण्यात आलेल्या माणसाची, रंग त्या दरबारात नसलेल्या माणसाचे, तांबे पुणे न पाहिलेल्या माणसाचे. माझे मत असे की सगळ्या चित्रावर एकसारखा विश्वास ठेवू नये आणि एकसारखा अविश्वासही दाखवू नये. चेहरे विश्वसनीय आहेत, कारण वेल्सने ते समोर बसवून काढले होते. नानांचा लांबट, शिडशिडीत चेहरा इतर चित्रांशी जुळतो. माणसांची मांडणी मात्र रचलेली आहे. लंडनच्या प्रेक्षकाला मॅलेट चटकन दिसला पाहिजे, या हिशेबाने ती बसवली आहे. खांब, महिरपी, बैठकीची रीत यांवर मी पुष्कळ भरवसा ठेवते, कारण त्यांची पडताळणी आजही करता येते. महालाच्या लांबीबद्दल मला शंका आहे. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषा हा युरोपीय चित्रकाराचा मोठा आनंद असतो, आणि त्या आनंदात चारदोन खण वाढून जाणे अवघड नाही.

एका बाबतीत हे चित्र कोणत्याही बखरीपेक्षा जास्त सांगते, आणि ती म्हणजे बसणे. पेशव्यांच्या दरबारात इंग्रज वकिलाला खुर्ची नव्हती. जोडे काढून, बिछायतीवर, इतरांच्या ओळीत बसायचे. तंग विजारी आणि डगले घातलेल्या या माणसांना पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न पडत असणार, कारण तळवा यजमानाकडे करणे हा अपमान. त्यांच्या शेजारी आपले लोक अंगरख्याचा घेर सावरून, मांडी घालून, निवांत आहेत. ही खोली जमिनीवर बसणाऱ्यांसाठी बांधलेली आहे, तिचे कोनाडे, तिचे सज्जे, तिच्या महिरपींची उंची बसलेल्या डोळ्यांच्या मापाने आहे. ज्याला खाली बसता येत नाही त्याला ती पूर्ण दिसत नाही. छापचित्र टेबलावर ठेवून उभ्याने पाहू नये. भिंतीशी टेकवून त्याच्यासमोर जमिनीवर बसून पाहावे. मी दोन्ही करून पाहिले आहे, फरक पडतो.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि मराठी वाचकाने त्याला विसरू नये. गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याचा. वेल्स येण्याच्या आधीपासून तो मॅलेटसाठी चित्रे काढत होता. वेरूळची लेणी त्याने तिथे जाऊन रेखाटली आणि त्या रेखाटनांच्या जोरावर मॅलेटने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये वेरूळचे वर्णन छापले. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढला. मॅलेटच्या खटपटीने पुण्यात चित्रकलेची शाळा निघाली, पेशव्यांनी तिला वाड्यातच जागा दिली, वेल्स शिकवू लागला आणि गंगाराम त्याच्या हाताखाली काम करू लागला. त्याची पुष्कळ चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहेत. रंगमहालाच्या चित्रात त्याचा हात होता असे मी म्हणत नाही. पण युरोपीय पद्धतीने खोली कशी दाखवतात हे ज्या वाड्यात शिकवले जात होते, त्याच वाड्याच्या महालाचे हे चित्र आहे, आणि शिकणारा आडनावाने तांबट होता.

पुण्याचे तांबट मठारकाम करतात. घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जायचे, ठोक्याला ठोका लागून, की तांब्याच्या अंगावर चकचकीत खळग्यांची जाळी उमटते आणि पत्र्याला बळकटी येते. मेझोटिंटचा पत्रा प्रथम भिंगाखाली पाहिला तेव्हा मला कसबा पेठेतला बंब आठवला. एकीकडे खळगा उजेड पकडण्यासाठी, दुसरीकडे शाई पकडण्यासाठी. धातू तोच आणि एका जागी दहा वेळा न कंटाळता हात फिरवण्याची शिस्तही तीच.

छापचित्र हातात घेण्याची संधी मिळाली तर काय पाहावे, त्यासाठी थोडे सांगते. कागदाच्या कडेला, चित्राच्या बाहेर, चारही बाजूंनी दबलेली एक रेघ असते. दाबयंत्रात तांब्याच्या पत्र्याने कागदावर उमटवलेली ती कड. बोटाने जाणवते. जुन्या छापांवर ती असावी, मात्र कित्येकदा चौकटीत बसवण्यासाठी कोणीतरी कागद आतून कापून टाकलेला असतो. दुसरे म्हणजे भिंग. भिंगाखाली एकसारख्या अंतरावरची टिंबे दिसली तर तो नंतरच्या काळात यंत्रावर छापलेला फोटो समजावा. मेझोटिंटमध्ये टिंबे नसतात, ओल्या मातीवर पडलेल्या पावसासारखा दाणा असतो. रंगीत प्रती मिळतात, रंग छापावर हाताने दिलेला असतो. रंग सुंदर दिसतात, पण झिजलेल्या पत्र्याचे छाप सावरून घेण्यासाठीही रंग वापरत, हे लक्षात ठेवावे.

झीज हा तर या चित्राचा मर्मभाग आहे. तांबे मऊ. प्रत्येक छापागणिक शाई पुसताना आणि दाब पडताना त्या कुसा थोड्या थोड्या लवतात, मोडतात. मेझोटिंटच्या पत्र्यातून उत्तम छाप थोडेच निघतात. पुढच्यांत गडद भाग करडा होत जातो. म्हणजे झीज अंधारापासून सुरू होते. तहाचा कागद, चेहरे, अंगरखे ही उजळ अंगे बऱ्यापैकी टिकतात, आणि महालाच्या मागच्या अंगाचे खांब, महिरपींखालची सावली, तक्तपोशीतली नक्षी आधी विरते. उशिराच्या छापात तह दिसतो पण रंगमहाल सपाट होतो. या पुस्तकात छापलेले चित्र निवडताना मी इतर कशाहीपेक्षा मागच्या भिंतीकडे पाहिले. तिथले काळे अजून काळे आहे.

छाप निघाले ते वर्ष विसरता येत नाही. १८०७. चित्रात पेशवा गादीवर आहे, इंग्रज त्याच्यासमोर जमिनीवर आहेत. चित्र लंडनच्या दुकानांत लागले तेव्हा पुण्यात दुसरे बाजीराव होते, आणि ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने ते इंग्रजांच्या फौजेवर अवलंबून झालेले होते. दहा वर्षांनी, १७ नोव्हेंबर १८१७ ला, वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्यानंतर अकराव्या वर्षी आग. विकत घेणाऱ्या लंडनच्या गृहस्थाला या कागदावर एक दूरची, नवलाईची, भरजरी खोली दिसली असेल. भिंतीवर शोभेसाठी लावण्याजोगी. त्याच शोभेमुळे कागद जपला गेला, चौकटीत बसला, वारसांकडे गेला, लिलावात विकला गेला. शोभेच्या छापचित्रांना हलके लेखण्याची आपल्या अभ्यासकांत रीत आहे. ती मला पटत नाही. दफ्तरातला कागद तहातली कलमे सांगेल, महिरपीला केळफूल होते की नव्हते ते सांगणार नाही.

पुढची प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. पहिल्यात महाल आहे, दुसऱ्यात वेल्सचे पुण्यातले दिवस, तिसऱ्यात टर्नरचे तांबे. चौथे प्रकरण पडताळणीचे आहे आणि ते घरात बसून वाचण्यासाठी नाही. नाना फडणविसांनी १७८० मध्ये बांधलेल्या नानावाड्याचा दिवाणखाना, विश्रामबागवाड्याचा माडीवरचा दरबार आणि खुद्द शनिवारवाड्याचा नगारखाना, या तीन जागी त्या काळचे सुरूचे खांब अजून उभे आहेत. पुस्तक बरोबर न्यावे. दुपारी तीननंतर जावे, उन्हे कलती असतात. भिंतीशी खाली बसावे, चित्र मांडीवर उघडावे आणि एकेका खांबाचा तळ, पाकळ्या, फुगवटा, निमुळता माथा कागदाशी ताडून पाहावा. मला कागदावरच्या खांबांत आणि नानावाड्यातल्या खांबांत एक फरक आढळला, तो प्रकरणात सांगितला आहे. दुसरा कोणाला आढळला तर मला कळवावा.

परतताना कसबा पेठेतून यावे. तांबट आळीत काम चालू असेल तर ते लांबूनच कळते, ठोक्याला ठोका लागत असतो.